एकच पाऊस, तीन चातुर्मास

ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, हे नगर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तिच्या पहिल्या अध्यायातलं गणपतीचं रूपकही बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण त्या रूपकातल्या एका जागेपाशी वाचक सहसा थांबत नाही. ज्ञानदेव सहा दर्शनांना गणपतीचे सहा हात करतात आणि त्या हातांत एकेक वस्तू देतात. तर्काचा परशू, न्यायाचा अंकुश, वेदान्ताचा मोदक. एका हातात मोडका दात आहे. हा दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेलं बौद्धमत. सातव्या शतकात कुमारिल भट्टाने बौद्धांशी जो वाद घातला, त्याकडे हा निर्देश जातो. सहाशे वर्षांनी प्रवरेच्या काठी तो वाद एका अलंकारात येऊन बसला.

मला त्यात खंडनाइतकाच तो हात महत्त्वाचा वाटतो. दात मोडलेला आहे, पण टाकून दिलेला नाही. देवाने तो धरून ठेवला आहे. ज्या मताचा पाडाव झाला असं सांगायचं, ते मत मूर्तीतून वेगळं काढायला गेलं तर मूर्तीच अपुरी राहते. बौद्ध श्रद्धा आणि आचार यांची पूर्वेकडच्या इतर धर्मांशी तुलना करायची, हा या पुस्तकाचा विषय. त्याची खरी अडचण इथेच आहे. हे धर्म शेजारी शेजारी ठेवलेल्या बंद पेट्या नाहीत. ते एकमेकांशी भांडत, एकमेकांचं उचलत, एकमेकांची टिंगल करत वाढले.

अशा तुलनेची सोपी रीत आपल्याला परीक्षांनी शिकवली आहे. एक तक्ता आखायचा. धर्म, संस्थापक, ग्रंथ, देव, मोक्ष. बौद्ध आणि जैन यांच्यापुढे देवाच्या रकान्यात 'नाही', दोघांपुढे अहिंसेच्या रकान्यात 'आहे', आणि मग दोघं जवळजवळ सारखेच, असा निकाल. स्पर्धा परीक्षेत या तक्त्यावर दोन गुण मिळतात. समजत मात्र काहीच नाही. कारण हे धर्म जिथे अगदी एकसारखं काही करताना दिसतात, नेमके तिथेच ते एकमेकांपासून सगळ्यात दूर असतात. हे माझं म्हणणं आहे, आणि प्रस्तावनेत मला तेवढंच नीट मांडायचं आहे.

नगर जिल्हा कांद्याचा, म्हणून कांद्यालसणाचंच उदाहरण घेऊ. नेप्ती नाहीतर घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पाहणाऱ्या माणसाला वाटणार नाही की या मालावर धर्मशास्त्रांनी एवढी शाई खर्च केली असेल. जैन घरात कांदा-लसूण वर्ज्य, कारण जमिनीखाली वाढणाऱ्या कंदात अनंत जीव एकाच देहात राहतात अशी श्रद्धा. प्रश्न हिंसेचा आहे. माळकऱ्याच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद होतो, कारण तो तामसी. प्रश्न मनाच्या वृत्तीचा आणि देवाला काय चालतं याचा आहे. चिनी बौद्ध मठांत कांदा, लसूण आणि त्याच जातीच्या एकूण पाच उग्र भाज्या वर्ज्य, कारण त्या वासना आणि राग चेतवतात, असं तिथली महायान सूत्रं सांगतात. आपल्याकडच्या बौद्ध घरात असली काही बंदी नाही. लसणाच्या चटणीशिवाय भाकरी खाली उतरत नाही तिथे.

आता पालि विनयात, म्हणजे भिक्खू-भिक्खुणींच्या नियमग्रंथात, काय आहे ते पाहा. एक भिक्खू लसूण खाऊन धर्मोपदेशाला आला आणि इतरांना वास येऊ नये म्हणून एका बाजूला जाऊन बसला. बुद्धाच्या ते लक्षात आलं. जे खाल्ल्याने धर्मश्रवणालाच मुकावं लागतं ते भिक्खूने खावं का, असा प्रश्न निघाला आणि नियम झाला. पुढे बुद्धाचा पट्टशिष्य सारिपुत्त याला पोटदुखी झाली, तेव्हा आजारात लसूण चालेल अशी सवलतही मिळाली. भिक्खुणींच्या नियमामागची गोष्ट तर आणखी मातीतली आहे. एका उपासकाने भिक्खुणींना लसूण द्यायची तयारी दाखवली होती. थुल्लनंदा नावाच्या भिक्खुणीने शेतात जाऊन प्रमाणाबाहेर लसूण उपटून नेला. लोक चिडले, आणि भिक्खुणींना लसूण बंद झाला. यात कंदातले जीवही नाहीत आणि तमोगुणही नाही. शेजारी बसणाऱ्याला त्रास होऊ नये आणि देणाऱ्या शेतकऱ्याला लुटू नये, एवढाच विचार आहे. ताट एकच, पण त्यामागे चार वेगवेगळी जगं आहेत. विनयातला बुद्ध मला या कारणासाठी आवडतो. तो नियम आधी करून मग त्याला विश्वरचना चिकटवत बसत नाही. कोणीतरी चुकतं, कोणीतरी तक्रार करतं, आणि मग नियम होतो.

वर्षावासही असाच तक्रारीतून आला. विनयातल्याच महावग्गात सांगितलंय की सुरुवातीला बुद्धाचे भिक्खू पावसाळ्यातही हिंडत. लोक कुरकुरू लागले. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून थांबतात, आणि हे शाक्यपुत्र मात्र हिरवं गवत तुडवत, बारीकसारीक जीव चिरडत फिरतात. मग बुद्धाने तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. उपोसथाचंही तसंच. दुसऱ्या पंथांचे लोक चतुर्दशी, पौर्णिमा आणि अष्टमीला जमतात, तसं आपणही करावं, हे बिंबिसार राजाने सुचवलं आणि बुद्धाने ते मान्य केलं. बौद्ध ग्रंथ हे उसनं घेणं लपवत नाहीत. आपल्या धर्मात सगळं पहिल्यापासून होतं असा दावा करणाऱ्यांनी ही पानं वाचण्यासारखी आहेत.

नगर जिल्ह्यात आजही एकाच पावसात तीन चातुर्मास चालतात. आषाढी एकादशीला देव झोपतो, कार्तिकी एकादशीला उठतो. मधल्या चार महिन्यांत वारकऱ्याचे नेम, पोथ्या, उपास. जैन साधुसाध्वी आषाढ पौर्णिमेच्या सुमारास ज्या गावी पोचले असतील तिथे कार्तिक पौर्णिमेपर्यंत मुक्कामाला राहतात. आचार्य आनंदऋषीजींमुळे या प्रथेला नगरमध्ये वेगळं वजन आलं. 1900 साली पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेला हा मुलगा पुढे स्थानकवासी श्रमण संघाचा आचार्य झाला आणि 1992 साली नगरातच त्यांचं देहावसान झालं. पाथर्डीत त्यांच्या प्रेरणेने उभं राहिलेलं धार्मिक परीक्षांचं बोर्ड देशभरच्या स्थानकवासी साधुसाध्वींना परिचित आहे. आणि तिसरा वर्षावास विहारातला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिन्यांचा. गावोगावच्या विहारांत या काळात संध्याकाळी डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं.

तीन ठिकाणी मुक्काम, तीन ठिकाणी वाचन, तीन ठिकाणी संयम. पण शेवट पाहिला की फरक कळतो. वारकऱ्याचा चातुर्मास देवाच्या जागं होण्याशी बांधलेला आहे. जैनांच्या चातुर्मासात पर्युषण येतं आणि संवत्सरीला प्रत्येक जण लहानथोरांची, शत्रुमित्रांची, सगळ्या जीवांची क्षमा मागतो. बौद्ध वर्षावास पवारणेने संपतो. तिथे भिक्खू संघापुढे येऊन क्षमा मागत नाही. माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल, नुसता संशय आला असेल, तरी मला सांगा, असं म्हणतो. एक जण माफ करा म्हणतो, दुसरा दाखवून द्या म्हणतो. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड. माफी मागून माणूस मोकळा होतो. दोष ऐकून घ्यायला तिथे उभं राहावं लागतं.

कर्माच्या प्रश्नावर जैन आणि बौद्ध किती तुटून पडले ते मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात दिसतं. नालंदेचा गृहपती उपाली हा महावीरांचा, म्हणजे पालि ग्रंथांतल्या निगंठ नातपुत्तांचा, अनुयायी. तो बुद्धाशी वाद घालायला गेला. मुद्दा असा होता की पापात देहाचं कृत्य मोठं की मनाचं? निगंठ म्हणत देहाचं, बुद्ध म्हणत मनाचं. उपालीला बुद्धाचं पटलं आणि त्याने शरण यायची इच्छा दाखवली. बुद्धाने त्याला आधी नीट विचार करायला सांगितलं. शिवाय तुझ्या घरी आजवर निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस, असंही सांगितलं. गोष्ट सुरेख आहे, पण ती बौद्धांनी सांगितलेली आहे हे विसरायचं नाही. जैनांच्या सूत्रकृतांगात याचा झणझणीत प्रतिवाद आहे. तिथला बौद्ध म्हणतो की पेंडीचा गोळा समजून एखाद्याने माणसाला सुळावर भाजलं तर पाप लागत नाही, कारण मनात हिंसा नव्हती. हे अर्थातच विडंबन आहे. पण हेतूवर सगळा भार टाकला की हा प्रश्न उभा राहतोच, आणि बौद्धांना त्याची वेळोवेळी उत्तरं द्यावी लागली. दोन्हीकडची पुस्तकं समोर ठेवल्याशिवाय असली तुलना एकतर्फी निकालपत्र होते.

अशीच एकतर्फी गोष्ट शून्याची. अमृतानुभवात ज्ञानदेव शून्यवाद्याला विचारतात की सगळंच शून्य असेल तर ते शून्य आहे हे जाणणारा कोण? दिवा विझवणाराही दिव्याबरोबर विझला, तर दिवा विझल्याचं कळणार कोणाला? प्रश्न बिनतोड वाटतो आणि मराठी मनावर त्याचा ठसा खोल आहे. पण ज्याच्यामुळे बौद्धमताला शून्यवाद हे नाव चिकटलं, त्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या नागार्जुनाला तो पुरता लागू पडत नाही. काहीच नाही, असं नागार्जुन म्हणत नाही. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने आहे, स्वतःच्या बळावर उभं असं काही नाही, आणि खुद्द शून्यताही याला अपवाद नाही, हे त्याचं म्हणणं. ज्ञानदेवांना जाणणारा साक्षी हवा आहे. नागार्जुनाला त्या साक्षीचीच तपासणी करायची आहे. या दोघांत हारजीत ठरवण्याची घाई करू नये. मला स्वतःला या वादात ज्ञानदेवांची भाषा पकडून ठेवते आणि नागार्जुनाची शंका सोडत नाही.

गंमत पुढे आहे. मोडक्या दाताला बौद्धमत म्हणणारे ज्ञानदेव स्वतःची परंपरा सांगतात ती मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. आणि तिबेटातल्या बौद्धांच्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत गोरक्ष आहे, जालंधरी आहे, कान्हपा आहे. त्यातल्या मीनपाला अनेक अभ्यासक मत्स्येंद्रच मानतात. कान्हपा म्हणजे आपला कानिफनाथ. पाथर्डी तालुक्यात मढीला त्याची समाधी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा चालते, रंगपंचमीला गर्दीचा कळस होतो, गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ, वैदू, कैकाडी अशा भटक्या जमातींच्या जातपंचायती तिथे पिढ्यानपिढ्या बसत आल्या. उंच झेंड्याच्या काठ्या गडाच्या कळसाला टेकवणाऱ्या या भक्तांना कोणी सांगितलं की तुमच्या नाथाची गाणी बौद्धांच्या पोथीत सापडली, तर ते हसतील. पण तसं घडलं आहे. 1907 साली हरप्रसाद शास्त्रींना नेपाळच्या दरबार ग्रंथालयात चर्यापदांची पोथी मिळाली आणि 1916 साली ती छापली गेली. बौद्ध सहजयानी सिद्धांच्या त्या गाण्यांत सर्वांत जास्त गाणी कान्हपाची आहेत. त्यात तो स्वतःला कापालिक योगीही म्हणवतो. म्हणजे त्या काळी शैव आणि बौद्ध यांच्यामधली भिंत आज आपण समजतो तेवढी पक्की नव्हती.

दोन्हीकडची चरित्रं मात्र फार वेगळी आहेत. 1819 सालच्या धुंडीसुत मालूंच्या नवनाथ भक्तिसारात कानिफा हत्तीच्या कानातून जन्मतो आणि त्याच्या गुरूला खड्ड्यात पुरणाऱ्या गोपीचंदाच्या कथेत त्याचा दरारा दिसतो. तिबेटी कथेतला कान्हपा सिद्धीच्या गर्वाने पछाडलेला आहे. त्याच्या डोक्यावर आकाशात सात छत्र्या धरलेल्या असतात, सात डमरू आपोआप वाजतात. पाण्यावरून चालत जाताना त्याच्या मनात येतं की हे तर माझ्या गुरूलाही जमत नाही, आणि त्याच क्षणी तो बुडतो. गुरू जालंधरी वर आकाशात येऊन विचारतो, काय झालं रे? एका परंपरेत सिद्धीला मान, दुसरीत सिद्धी हाच सापळा. काठमांडूच्या खोऱ्यात पाटण गावी मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो, तेव्हा हिंदू त्याला मत्स्येंद्रनाथ म्हणतात आणि नेवार बौद्ध त्याच मूर्तीला अवलोकितेश्वर. रथ एकच, दोरही एकच. दोन्ही धर्मांचे लोक तो ओढतात आणि कोणालाच त्यात विसंगती दिसत नाही.

नगर-कल्याण रस्त्याने गेलं की पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर लागतं. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचं शैव लेणं. दारात गंगा-यमुना, भिंतीवर सप्तमातृका, गाभाऱ्यात पिंड आणि तिच्याभोवती खडकातच कोरलेला प्रदक्षिणेचा मार्ग. ही प्रदक्षिणा आधी स्तूपाभोवती होत होती आणि डोंगर कोरून देवघर करण्याची विद्याही सह्याद्रीत आधी बौद्धांनी वाढवली. त्याच रस्त्याने पुढे आळेफाट्यावरून जुन्नरला वळलं की लेण्याद्री येतं. अष्टविनायकांतला गिरिजात्मज तिथे बौद्ध विहारात बसला आहे. मोठं सभागृह, आत एकही खांब नाही, तिन्ही बाजूंनी भिक्खूंच्या वीस खोल्या. गणपतीला प्रदक्षिणा घालता येत नाही, कारण मूर्ती मागच्या खडकातच आहे. दर्शनाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. ज्या कोनाड्यांत कोणी एकेकाळी चीवर ठेवत असेल, तिथे आता पाण्याच्या बाटल्या आणि नारळाच्या पिशव्या टेकवलेल्या दिसतात. शेजारी चैत्यगृह आहे, आत दगडी स्तूप आहे. बहुतेक माणसं तिकडे वळतही नाहीत. हेच गणपती दैवत बौद्धांबरोबर जपानला गेलं आणि तिथे कांगितेन झालं. टोकियोत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा मंदिरात त्याला मोदकाऐवजी पांढरा मुळा वाहतात. इकडे बौद्धांच्या घरात गणपती आला, तिकडे बौद्धांनी गणपतीला परदेशी नेलं. हिशोब कोणी कोणाकडे मागायचा?

असा प्रश्न विचारून गप्प बसणं सोयीचं असतं, आणि इथेच मला वाचकाला सावध करायचं आहे. हिशोब मागायचा की नाही, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं.

नगरच्या आसपासच्याच दोन जागा घेऊ. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी तिथे 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलाना आझाद तिथेच 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं लिहीत होते, त्यात चहावरही पानं आहेत. आणि समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव वसुबंधूचा अभिधर्मकोश पूसँच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणण्यात गुंतले होते. त्यांचं 'बौद्ध धर्म दर्शन' 1956 साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी निघालं आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेहरूंनी आपल्या प्रस्तावनेत ज्या सहबंदींच्या चर्चेचं ऋण मानलं, त्यांत नरेंद्र देव आहेत. नगरच्या किल्ल्याचा इतिहास सांगताना आपण चांदबीबीवर थांबतो. बौद्ध दर्शनाचा एवढा कठीण ग्रंथ त्या भिंतींआड हिंदीत येत होता, हे इथल्या किती लोकांना ठाऊक आहे?

नेहरूंना पडलेला एक प्रश्न होता की हिंदू धर्माने बौद्ध धर्माला आपल्यात कसं सामावून घेतलं? ते या सामावण्याकडे कौतुकाने पाहतात, संस्कृतीची पचनशक्ती म्हणून. किल्ल्यापासून मनमाडच्या रस्त्याने निघालं, राहुरी, शिर्डी, कोपरगाव मागे टाकलं की जिल्हा संपतो आणि येवला येतं. 13 ऑक्टोबर 1935 ला तिथे डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची एकवीस वर्षं त्यांनी धर्मांचीच तुलना केली. शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला. 1950 साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून बुद्धाला येशू, महंमद आणि कृष्ण यांच्या शेजारी उभं केलं आणि सांगितलं की बाकीच्यांनी स्वतःला एक विशेष स्थान दिलं, बुद्धाने मात्र आपण मार्ग दाखवणारे आहोत, मोक्ष देणारे नाही, एवढंच म्हटलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेताना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. पाचवी प्रतिज्ञा बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचं नाकारते. नेहरूंना जी पचनशक्ती वाटली, ती पचवल्या गेलेल्याच्या बाजूने कशी दिसते, हे या प्रतिज्ञेत आहे. आणि तरी याच आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला पंढरपूरचा पांडुरंग हा मुळात बुद्धच आहे असं म्हटलं होतं. रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या 1984 सालच्या ग्रंथात विठ्ठलाच्या बौद्ध आणि जैन संबंधांचा विचार सविस्तर केला आहे. विठ्ठल बुद्ध आहे हे वाक्य कीर्तनकाराने म्हटलं तर बुद्ध अवतारमालिकेत जातो, आंबेडकरांनी म्हटलं तर पंढरपूर परत मागितलं जातं. सारखेपणा कोण सांगतो आहे हे आधी पाहा, असं मी म्हणतो ते यासाठी.

शिर्डीच्या वाटेवर प्रत्येक रिक्षावर 'सबका मालिक एक' लिहिलेलं असतं. चांगल्या मनाने लिहिलेलं असतं. पण बौद्धाला त्यात बसवायला गेलं की पंचाईत होते. त्याच्याकडे मालिक नाही. जैनाकडेही जग चालवणारा मालिक नाही, पण प्रत्येक जीवाचा अविनाशी आत्मा आहे. बौद्धाकडे तोही नाही. आत्मा नसताना पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्न भिक्खूंना अडीच हजार वर्षं विचारला गेला आहे, आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये आंबेडकरांनी तो प्रस्तावनेतच मांडून आपली वेगळी वाट धरली. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडलं ही कथाही त्यांनी बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाला ते कारण दिलं. पाण्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे कारण पटायला वेळ लागत नाही. अनेक थेरवादी भिक्खूंना मात्र ते रुचलं नाही. म्हणून बौद्ध धर्माची इतरांशी तुलना करताना पहिला प्रश्न असा की कोणता बौद्ध धर्म? सिंहली विहारातला, ल्हासातला, की आपल्या गावच्या निळ्या कमानीच्या आतला? 2011 च्या जनगणनेत देशातले चौऱ्याऐंशी लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले पासष्ट लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. भारतात तरी बौद्ध म्हटलं की बहुधा तो मराठी बोलतो.

स्त्रियांच्या प्रश्नावर कोणत्याच बाजूने छाती फुगवू नये. शनिशिंगणापूरचा चौथरा 2016 च्या गुढीपाडव्याला स्त्रियांना खुला झाला, तेव्हा बऱ्याच बौद्ध आणि जैन मित्रांच्या बोलण्यात, आमच्याकडे असलं नाही, असा सूर होता. पण महाप्रजापती गौतमीला संघात घ्यायला बुद्धाने आधी नकार दिला होता आणि मग परवानगी दिली ती आठ जाचक नियमांसह, असं विनयच सांगतं. सिंहलातली भिक्खुणींची परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली आणि ती परत सुरू व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. दिगंबर जैन स्त्रीदेहाने मोक्ष मिळतो हे मानत नाहीत. श्वेतांबर मानतात, त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती, आणि त्यांच्यात साध्वींची संख्या साधूंहून जास्त असते. तरी दीक्षेला शंभर वर्षं झालेल्या साध्वीने आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करायचं ही रीत तिथेही आहे, जशी ती बौद्धांच्या आठ नियमांत पहिलीच आहे.

तुलना पुस्तकात राहत नाही, कधी ती माणसाच्या आयुष्यात उतरते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून 1902 मध्ये सिंहलात पोचला, पालि शिकला, परत येऊन मराठीत बौद्ध वाङ्मयाचा पाया घातला. 'भगवान बुद्ध' मधल्या मांसाहारावरच्या विवेचनाने जैन समाज त्यांच्यावर संतापला होता. त्याच कोसंबींनी अखेरीस 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' लिहिला, पार्श्वनाथांच्या चार यामांत बुद्धाच्याही शिकवणीचं मूळ शोधलं, आणि सेवाग्रामला अन्न सोडून 4 जून 1947 ला देह ठेवला. बुद्धाने देहदंडाचा मार्ग स्वतः करून पाहिला आणि सोडला. विनय मरणाची स्तुती करणाऱ्या भिक्खूलाही दोषी धरतं. मग आयुष्यभर बुद्धाच्या मागे चाललेल्या माणसाने जैन संथाऱ्यासारखा शेवट का निवडला? जैन म्हणतील, त्यांना अखेर सत्य कळलं. बौद्ध म्हणतील, थकलेल्या, आजारी देहाचा तो निर्णय होता, त्यात तत्त्वज्ञान शोधू नका. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. 2015 साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. मराठीत तरी त्या चर्चेत कोसंबींचं नाव यायला हवं होतं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. जैन, नाथ आणि वारकरी यांच्याशी असलेल्या नात्यांना इथे जास्त पानं दिली आहेत. चीनचा ताओ आणि कन्फ्यूशियस, जपानचा शिंतो यांना त्या मानाने थोडी. मला हे प्रमाण योग्य वाटतं. जपानी माणूस बाळाला शिंतो देवळात नेतो आणि प्रेताला बौद्ध मंत्र लावतो, हे वाचायला मजेचं आहे. पण आपल्या गल्लीत जैन स्थानक, हनुमानाचं देऊळ आणि विहार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असताना त्यांची तुलना करायला लागणारं धैर्य वेगळं असतं. पुस्तकातल्या काही निष्कर्षांशी माझं जुळत नाही, विशेषतः नाथपंथ हा सरळ वज्रयानातून, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथातून, निघाला या मताशी. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती असं मला वाटतं, आणि वर मढीचा मजकूर मी त्याच समजुतीने लिहिला आहे. वाचकाने पानांचा क्रम पाळायलाच हवा असं नाही. शून्यतेचं प्रकरण जड आहे, ते मागे ठेवावं. सुरुवात वर्षावासाच्या प्रकरणापासून करावी, आणि शेजारच्या घरी चातुर्मास चालू असेल तर मधूनमधून तिकडेही डोकावून यावं.